शाळेतले पुस्तकांचे कपाट

दिवाळीचे चार दिवस उलटतात, पाहुणे आपापल्या गावी परततात, डब्यात चकलीचे तुकडे आणि शेवेचा चुरा तेवढा उरतो, आणि मग घरात दिवाळी अंकाची खरी पाळी येते. आधी तो वडील माणसे हाती घेतात, मग स्वयंपाकघराकडे जातो, आणि शेवटी पानांचे कोपरे दुमडलेल्या अवस्थेत पोरांच्या तावडीत सापडतो. एखादे पोर तो घेऊन जिन्याखाली नाहीतर माळ्यावर जाऊन बसते आणि जेवायला हाका मारल्या तरी ओ देत नाही. ज्या घरात हे दृश्य दिसते ते घर भाग्याचे म्हटले पाहिजे. कारण देव्हाऱ्यातली पोथी आणि भिंतीवरची दिनदर्शिका सोडली तर छापील अक्षर ज्यांच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, अशी घरे आपल्याकडे आजही थोडीथोडकी नाहीत. त्या घरच्या मुलाला गोष्टीचे पहिले पुस्तक भेटायचे ते शाळेत. आणि शाळेत तरी कुठे? मुख्याध्यापकांच्या खोलीत, घंटेच्या आणि नकाशांच्या गुंडाळ्यांच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या एका कपाटात.

या कपाटाशी माझा संबंध दुहेरी आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले; पुढे चित्रकलेची परीक्षा देऊन मी मास्तर झालो. ज्याने शाळा जवळून पाहिली आहे त्याला ठाऊक असेल, की ग्रंथालयाचा 'चार्ज' हा बहुधा चित्रकलेच्या नाहीतर कवायतीच्या मास्तरांच्याच गळ्यात येतो. गणित-इंग्रजीच्या मास्तरांना तेवढी सवड नसते, असा समज आहे. तसा तो माझ्या गळ्यात आला आणि तेव्हापासून किल्ल्यांचा जुडगा माझ्या खिशात आहे. पुढे ज्या काही कादंबऱ्या माझ्या हातून लिहून झाल्या, त्याही या कपाटाच्या कृपेने. तेव्हा हे कपाट शाळेत आले कसे, ते कोणी आणले, आणि त्याला कुलूप कोणी लावले, याचा शोध घ्यावा असे पुष्कळ दिवस मनात होते. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत कपाट नव्हते, कारण पुस्तकेच नव्हती. पोर धूळपाटीवर अक्षर गिरवी, पावकी-निमकी-दिडकी घोकी, मोडी वाचायला यावे म्हणून जुन्या पत्रांचे रुमाल सोडून त्यांतले कागद त्याच्यापुढे टाकले जात. पोथ्या होत्या त्या ब्राह्मणांच्या नाहीतर कीर्तनकारांच्या घरी, रेशमी नाहीतर सुती बासनात बांधलेल्या. ज्ञान होते, पण ते पाठांतराच्या आणि जातीच्या वाटेने जाई. लहान मुलाने आपल्या मनाने एक पुस्तक उचलावे, दोन पाने वाचावीत, आवडले नाही तर ठेवून दुसरे घ्यावे, ही कल्पनाच त्या शाळेत बसण्यासारखी नव्हती.

पेशवाई बुडाली १८१८ साली. त्यानंतर वर्षभरात जनरल ब्रिग्ज हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना भेटायला त्यांच्या छावणीत गेले असता तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग त्यांच्या दृष्टीस पडला. ही कशाला, असे त्यांनी विचारले. येथल्या लोकांना शिकवण्यासाठी, असे एल्फिन्स्टन म्हणाले, आणि लगेच पुढे बोलले, की हा आपला युरोपला परत जाण्याचा राजरस्ता आहे. ब्रिग्ज यांनी ही आठवण नोंदवून ठेवली आहे. राज्य जिंकून वर्षही झाले नव्हते, तोच जिंकणाऱ्याला एवढे उमगले होते, की वाचणारी माणसे फार काळ दुसऱ्याच्या हुकमतीत राहत नाहीत. आणि तरीही त्याने पुस्तके छापण्याचे थांबवले नाही, हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण.

पुढे १८२२ साली मुंबईत 'हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी' उभी राहिली. एल्फिन्स्टन तिचे अध्यक्ष. नावातच पाहा, शाळा आणि पुस्तक असे दोन्ही शब्द जोडीने आले आहेत. १८२३ च्या डिसेंबरात शिक्षणाविषयी आपले जे प्रसिद्ध टिपण एल्फिन्स्टन यांनी लिहिले, त्यातही शाळा सुधारणे आणि त्यांना पुस्तके पुरवणे ही दोन कामे त्यांनी शेजारीशेजारी मांडली. या मंडळीत सदाशिव काशिनाथ छत्रे हे एतद्देशीय सेक्रेटरी होते. १८२८ च्या सुमारास त्यांनी 'बाळमित्र' आणि 'इसापनीती' ही पुस्तके मराठीत आणली. 'बाळमित्र' मूळचे बर्कें नावाच्या फ्रेंच लेखकाचे. ते इंग्रजीच्या वाटेने छत्र्यांच्या हाती आले. मराठी मुलाने वाचायची गोष्ट म्हणून जे गद्य प्रथम छापले गेले, त्यात या दोन पुस्तकांचा मान मोठा आहे. त्या वेळी शाळेत शिकवायचे पुस्तक आणि आपल्या आनंदासाठी वाचायचे पुस्तक असा भेद अजून पडला नव्हता. तेच पुस्तक वर्गात, तेच घरी. तो भेद पुढे पडला, आणि आमच्या कपाटाचे सगळे दुःख त्या भेदात आहे.

याच सुमारास गावोगावी ग्रंथालये निघू लागली. रत्नागिरीस १८२८ साली, नाशकास १८४० साली, पुण्यास १८४८ साली. त्यांना 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणत. ही मोठ्या माणसांची ठिकाणे होती. वर्गणी भरावी, वर्तमानपत्र चाळावे, संध्याकाळी राजकारणावर बोलावे. यांत शाळकरी पोराला, आणि त्यातून गरिबाच्या पोराला, शिरकाव कुठून असणार?

तो शिरकाव मागितला एका मुलीने. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात काढलेल्या शाळेत शिकणारी मुक्ता ही मांग समाजातली मुलगी. तिने लिहिलेला मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चात 'ज्ञानोदय' पत्रात दोन भागांत छापला गेला, आणि आज तो मराठी गद्याच्या इतिहासात मानाने उल्लेखला जातो. हिच्याविषयी एक आठवण सांगतात, ती अशी, की बक्षीस समारंभाला आलेल्या साहेबाने तिला खाऊ देऊ केला, तेव्हा ती म्हणाली, की आम्हांला खाऊ नको, वाचायला ग्रंथालय द्या. ही आठवण शाळाशाळांतून सांगितली जाते, पण तिच्यातला अर्थ फारसा कोणी उलगडून दाखवीत नाही. ज्या मुलीच्या वाडवडिलांना रस्त्यावरून चालण्याची चोरी होती, तिला शाळेत येऊन दोन-तीन वर्षांत एवढे कळले होते, की मास्तर शिकवतात ते आणि आपण आपल्या मनाने वाचतो ते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्याला दुसरीही हवी आहे. शाळेच्या ग्रंथालयाची याहून नेमकी मागणी मी तरी कुठे वाचलेली नाही.

मागणी झाली, पण सरकारची गाडी दुसऱ्याच रुळावरून निघाली होती. १८५४ साली वुडचा खलिता आला, १८५५ साली शिक्षणखाते स्थापन झाले, मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके तयार झाली. क्रमिक पुस्तकांनी मराठीवर उपकारच केले, यात शंका नाही. परंतु त्यांच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आली. शाळेला मिळणारे अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालावर बांधले गेले. अमुक इयत्तेची अमुक मुले पास, तर अमुक इतके रुपये. आता सांगा, ज्या मास्तरच्या शाळेचे पैसे नेमलेल्या पुस्तकावर अवलंबून आहेत, तो मुलाच्या हाती दुसरे पुस्तक कशाला देईल? 'अवांतर वाचन' हा शब्द या हवेतच रुजला. अवांतर म्हणजे मुख्य सोडून बाकीचे. घरोघरी आईबाप आजही मुलावर खेकसतात, 'अभ्यासाचे पुस्तक धर, गोष्टी कसल्या वाचतोस?' त्या खेकसण्याची मुळे इतकी जुनी आहेत.

तरी काही माणसे या रुळाच्या कडेकडेने वाट काढीत होती. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले आणि १९१४ साली मृत्यूने हात धरला तोवर ते चालवले. चरित्रे, शास्त्र, कविता, इतिहास, सगळे मुलांना समजेल अशा सोप्या मराठीत. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' सुरू केला. ही मासिके जिथे येत तिथे मुले अंकाची वाट पाहत. मुलाच्या नावाने छापील काही टपालाने येणे, हीच केवढी अपूर्वाई! शाळेच्या कपाटात आजही जुन्या बांधीव अंकांचा एखादा गठ्ठा सापडतो. त्याची शिवण सुटलेली असते, आणि ते पाहून मला आनंदच होतो, कारण न उघडलेल्या पुस्तकाची शिवण सुटत नाही.

परंतु पुस्तक आणि मूल यांची गाठ घालण्याचे काम राज्याच्या पातळीवर, पद्धतशीर रीतीने कोणी केले असेल तर ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. मालेगावजवळच्या कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ साली दत्तक गेला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहितावाचता येत नव्हते. ज्या वयात इतर मुले इंग्रजी शाळेत जात, त्या वयात हा धुळाक्षरे गिरवायला बसला. अक्षराची किंमत त्याला जेवढी कळली तेवढी जन्मापासून पुस्तकांत वाढलेल्याला कळणे कठीण. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायदा सगळ्या संस्थानाला लावला.

सक्तीची शाळा झाली आणि एक नवीच अडचण पुढे आली. चार इयत्ता शिकलेला मुलगा नांगराला लागला, की थोड्याच वर्षांत शिकलेले अक्षर विसरून पुन्हा अंगठ्यावर येतो! सरकारने शाळेवर खर्च केलेला पैसा पाण्यात. याचे उत्तर महाराजांनी ग्रंथालयात शोधले. १९१० साली त्यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरचे ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतले. बोर्डन तीन वर्षे बडोद्यास होते. महाराजांचा स्वतःचा वीसेक हजार ग्रंथांचा संग्रह हा मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया झाला. तेथे मुलांसाठी वेगळे दालन उघडले आणि त्यात पुस्तकांबरोबर खेळही ठेवले. ग्रंथपाल तयार करण्याचा वर्ग १९११ साली सुरू झाला. खेड्याने थोडी वर्गणी उभी केली, की तेवढीच रक्कम पंचायतीकडून आणि तेवढीच सरकारातून मिळे, आणि गावात ग्रंथालय निघे. पुष्कळ ठिकाणी ते शाळेतच भरे आणि शाळामास्तरच त्याचा ग्रंथपाल असे. जिथे तेवढेही जमत नसे तिथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. एक पेटी वाचून झाली की परत, आणि तिच्या जागी दुसरी. शिवाय 'सयाजी साहित्यमाला' आणि मुलांसाठी 'सयाजी बालज्ञानमाला' अशा मालांतून मराठी-गुजराती पुस्तके छापून घेतली. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी या साऱ्या चळवळीची हकीकत इंग्रजीत लिहून १९१९ साली प्रसिद्ध केली आहे.

या फिरत्या पेटीचे मला फार कौतुक वाटते. कपाट भिंतीला टेकून उभे राहते आणि वाचकाने आपल्याकडे यावे अशी अपेक्षा करते. पेटी उठून वाचकाच्या दारी जाते.

बडोद्याचे नाव निघाले म्हणून एका मास्तरांची हकीकत येथेच सांगतो. मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक वाचत बसत. एल्फिन्स्टन हायस्कुलात जाणारा एक मुलगाही शाळा सुटल्यावर त्याच बागेत येऊन वाची. परळच्या चाळीत एका खोलीत घरदार. वाचायला जागा कुठली? मास्तरांनी त्याची चौकशी केली. तो महार जातीचा आहे हे कळल्यावरही त्यांनी बाकावर अंतर वाढवले नाही, उलट त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या सत्काराला केळुसकर गेले आणि आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांनी त्याला भेट दिले. पुढे त्याच्या शिक्षणाचे अडले तेव्हा हेच केळुसकर त्याला सयाजीरावांकडे घेऊन गेले आणि महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तो मुलगा म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. १९५६ साली नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्या घटनेमागे एकोणपन्नास वर्षांपूर्वी एका शाळामास्तराने हातात ठेवलेले एक पुस्तक होते, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

ही हकीकत मी दर वर्षी वर्गात सांगतो. केळुसकरांकडे कपाट नव्हते, रजिस्टर नव्हते, ग्रंथपालाची पदविका नव्हती. पण ग्रंथालय ज्या एका कृतीसाठी असते ती कृती त्यांनी केली. हे मूल कोण आहे ते पाहिले आणि त्याला आज कोणते पुस्तक द्यावे याचा विचार केला. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या शाळेत होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' नावाचे पत्र हाताने लिहून काढीत. मुलांना रोज सकाळी काहीतरी नवे वाचायला मिळावे, एवढ्यासाठी. जिथे पुस्तके पुरत नव्हती तिथे या मास्तराने स्वतःचा हात झिजवला.

मग शास्त्राचाही आधार मिळाला. मद्रासेस शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, इंग्लंडात जाऊन ते शास्त्र शिकून आले, आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. पहिलेच सूत्र असे, की पुस्तके वापरण्यासाठी असतात. ऐकणाऱ्याला वाटेल, यात सांगण्यासारखे ते काय? पण युरोपात एके काळी ग्रंथ साखळदंडाने फळीला बांधून ठेवीत. आमच्याकडे साखळी नाही, कुलूप आहे, एवढाच फरक. दुसरे आणि तिसरे सूत्र एकमेकांचा हात धरून येतात: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे हे काम आहे. दोन्ही पक्षांची माहिती हवी.

स्वातंत्र्यानंतर कायदे पुष्कळ झाले. आपल्या राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. १९८७ साली केंद्र सरकारने खडू-फळा मोहीम काढली. तिच्यात प्राथमिक शाळांना खोल्या, दुसरा शिक्षक आणि साहित्य देताना पुस्तकेही देण्याचे ठरले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात तर स्पष्टच म्हटले आहे, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टीची पुस्तके असावीत. दीडशे वर्षांपूर्वी एका मुलीने जे मागितले असे सांगतात, ते अखेरीस कायद्यात लिहिले गेले.

या मोहिमेची पुस्तके आमच्या गावच्या शाळेत आली तेव्हा मी चौथीत होतो. नव्या कागदाचा वास सगळ्या वर्गात सुटला होता. गुरुजींनी प्रत्येक पुस्तकावर शाळेचा शिक्का मारला, रजिस्टरात क्रमांक घातला, आणि ती कपाटात ठेवून कुलूप लावले. काचेतून पाठीवरची नावे दिसत. ती नावे आम्हांला पाठ झाली होती. पुस्तके मात्र वर्षभरात एकदाही बाहेर आली नाहीत. गुरुजी वाईट नव्हते. फार मायेचे होते. मोठेपणी मी स्वतः रजिस्टर लिहू लागलो तेव्हा मला त्यांचे कोडे सुटले. पुस्तक ही शाळेची मालमत्ता. बदली झाली की चार्ज देताना एकेक क्रमांक मोजून द्यायचा. कमी पडले तर किंमत मास्तरांनी भरायची. फाटलेले पुस्तक रद्द करायचे तर त्याला निर्लेखनाची मंजुरी पाहिजे, आणि तो कागद फिरून येईपर्यंत मास्तर निवृत्त व्हायचे. अशा परिस्थितीत संसारी मास्तर काय करील? पुस्तक जितके कमी हाताळले जाईल तितका तो सुखी. पुस्तके सांभाळणे हेच ग्रंथालय सांभाळणे, असे आमच्या रजिस्टरांनी त्याला शिकवले. ते कुलूप गुरुजींच्या स्वभावाने लावलेले नव्हते. ते रजिस्टराने लावले होते.

कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे भावनेचे बोलणे झाले. गोष्टीची पुस्तके वाचून मुलाचा अभ्यास सुधारतो याला पुरावा काय? पुरावा आहे, आणि तो आपल्यासारख्याच साध्या खेडेगावच्या शाळांतून आलेला आहे. भारतातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या माणसांचे वंशज ज्या बेटांवर मोठ्या संख्येने राहतात, त्या फिजीमध्ये १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या दोन संशोधकांनी बारा ग्रामीण शाळा निवडल्या. त्यांतल्या आठ शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे अडीचशे इंग्रजी गोष्टींची पुस्तके देऊन टाकली. उरलेल्या शाळांत नेहमीप्रमाणे धडे चालू ठेवले. इंग्रजी ही त्या मुलांची घरची भाषा नव्हे. वर्षाअखेर तपासले तेव्हा पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचनातली प्रगती इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळली, आणि दुसऱ्या वर्षी तिचा परिणाम लिहिण्यावर आणि व्याकरणावरही दिसून आला. व्याकरण शिकवून जे साधले नव्हते ते गोष्टी वाचून साधले. मास्तरांनी जास्तीचे काय केले? पुस्तके मुलांच्या हाताला येतील अशी ठेवली, आणि रोज थोडा वेळ वाचायला दिला.

मी माझ्या शाळेत जे करतो ते याहून निराळे नाही. शनिवारी कपाट उघडून सगळी पुस्तके व्हरांड्यात सतरंजीवर मांडतो. नेणाऱ्याने आपले नाव आपणच वहीत लिहायचे. सातवीतल्या एका मुलाला वाचन जड जाई. प्रगतिपुस्तकावर लाल रेघा. त्याला मी पहिलीच्या मुलासाठी असते तसे मोठ्या टाइपाचे, चित्रांचे पुस्तक दिले आणि सांगितले, की हे तुझ्यासाठी नाही, तुझ्या धाकट्या बहिणीला वाचून दाखव. आठवड्याने पुस्तक परत आले तेव्हा त्याच्या पानांवर हळदीची बोटे उमटलेली होती. विचारले तर म्हणाला, 'सर, आई भाकरी करताना म्हणाली मलाबी ऐकू दे. मग तिनंच पान उलटलं, चित्र बघायला.' त्याच्या आईला अक्षरओळख नाही. नियमाने पाहता पुस्तक खराब झाले. वहीत तसा शेरा मारायला हवा. मी ते तसेच कपाटात ठेवले आहे. तो मुलगा त्या वर्षी एका पुस्तकावरून दुसऱ्यावर गेला, आणि परीक्षेत इतिहासाचे उत्तर प्रथमच त्याने स्वतःच्या वाक्यात लिहिले. गुण बेताचेच मिळाले. पण वाक्य त्याचे होते.

आता वाचकहो, तुमच्याकडे एक मागणे आहे, आणि ते दिवाळीच्या दिवसांत मागावे असेच आहे. हा अंक घरात सगळ्यांचा वाचून झाला, की रद्दीत घालू नका. जवळच्या शाळेत नेऊन द्या. त्याबरोबर मुलांची वाचून झालेली चार पुस्तके द्या. तिथे गेल्यावर ग्रंथालयात पुस्तके किती, असे विचारू नका. तो आकडा प्रत्येक शाळेच्या रजिस्टरात सुवाच्य अक्षरांत लिहिलेला असतो. गेल्या आठवड्यात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली, ते विचारा. मास्तर गप्प राहिले तर त्यांच्यावर रागावू नका. त्यांना हरवलेल्या पुस्तकाची धास्ती असते. एवढेच सांगा, की वर्षाकाठी दहा पुस्तके हरवली तर त्यांची किंमत आम्ही पालक मिळून भरू. दोन-तीनशे घरांच्या गावाला ही रक्कम एका फटाक्याच्या माळेहून जड नाही. तेवढा शब्द मिळाला तर पुष्कळ मास्तर दुसऱ्या दिवशी कपाट उघडतील, हे मी या धंद्यातला माणूस म्हणून खात्रीने सांगतो.